तेच मागणं किती वेळा मागायचं?

ताई, जय ख्रिस्त.

मी सिडकोत राहते, वय ५३. माझे मिस्टर मागच्या वर्षी अंबडच्या एका कंपनीतून रिटायर झाले. आमच्या थोरल्याने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. फीसाठी ह्यांनी ओव्हरटाइम केलेला, त्यावरून फार मोठं भांडण झालं. ‘या घरात परत पाय ठेवू नको’ असं हे बोलून गेले आणि पोरगा खरंच गेला. त्याला सहा वर्षं झाली. पुण्यात आहे, नोकरीला आहे, एवढं बहिणीच्या मुलाकडून कळतं. मला फोन करत नाही. मी रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर वचनाचं स्टेटस ठेवते, ते मात्र बघतो. दुपारपर्यंत बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव येतं. कधी कधी मुद्दाम त्याच्यासाठीच वचन निवडते.

रोज पहाटे साडेचारला उठून स्वयंपाकघरात प्रार्थना करते. ह्यांच्यासमोर त्याचं नाव काढायची सोय नाही. दर शुक्रवारी उपास धरते, शुगरची गोळी चालू आहे तरी. महिला मंडळात एक बाई शिकवतात की विश्वासाने एकदाच मागायचं, मग फक्त उपकारस्तुती करायची. परत मागितलं तर तो अविश्वास. दुसरीने विचारलं, ‘घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का?’ पाळकसाहेब म्हणतात, द्राक्षबागेसारखा धीर धरा. फेब्रुवारीत कॅथलिक मैत्रिणीबरोबर नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गेले, मेणबत्ती लावली; मंडळीत कुणाला सांगितलं नाही. रविवारी लोक साक्ष द्यायला उभे राहिले की मला उठून जावंसं वाटतं. आता प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत. तेच ते किती वेळा मागायचं? की ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून सोडून द्यायचं?

— एक आई, सिडको, नाशिक

प्रिय ताई,

मागत राहा. उद्या पहाटेही मागा, आणि त्याच शब्दांत मागितलंत तरी काही बिघडत नाही. मत्तयाचा २६वा अध्याय काढा. गेथशेमाने बागेत येशू तीनदा प्रार्थनेला जातो आणि तिसऱ्या वेळी तो पुन्हा तेच शब्द बोलला, हे मत्तयाने मुद्दाम नोंदवून ठेवलंय. ‘हा प्याला माझ्यापासून टळून जावो’ हे त्या रात्रीचं मागणं आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हेही त्याच रात्रीचं, त्याच तोंडचं. तुम्ही मला त्यातलं एक निवडून द्यायला सांगताय. त्याने स्वतः निवडलं नाही, दोन्ही म्हटली. तुम्हीही दोन्ही म्हणा.

‘एकदाच मागायचं’ ही शिकवण हल्ली बऱ्याच सभांमधून ऐकू येते, तेव्हा तुमच्या त्या बाईंना एकटीला दोष देत नाही. मार्काच्या ११व्या अध्यायातल्या एका वचनावर ती उभी आहे: प्रार्थनेत मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. धरावा ना! पण किती वेळा मागायचं याचा आकडा त्या वचनात कुठे आहे? आणि आपण दर रविवारी जी प्रभूची प्रार्थना म्हणतो तिच्यात काय मागतो? आजची भाकर. आजची. म्हणजे उद्या सकाळी उद्याच्या भाकरीसाठी पुन्हा हात पसरायचा, हे खुद्द येशूनेच त्या प्रार्थनेत घालून ठेवलंय. व्यर्थ बडबड करू नका, असं तो त्याच्या जरा आधी म्हणतो खरं. पण ते कुणाला? शब्द वाढवले की देवाला ऐकावंच लागेल, असं समजणाऱ्यांना. तुम्हाला तर शब्दच सुचत नाहीत. बडबडीचा आरोप तुमच्यावर कोण करणार?

लूकच्या १८व्या अध्यायातली विधवा तुम्हाला पाठ असेल. देवाला न भिणारा आणि माणसाला न जुमानणारा न्यायाधीश, आणि त्याच्या दारात रोज येणारी ती बाई. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात जमिनीच्या दाव्यासाठी ज्यांनी चपला झिजवल्यात त्यांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. पण तो ऐकताना आपण एक गफलत करतो. आपण न्यायाधीशाच्या खुर्चीवर देवाला बसवतो आणि ठरवून टाकतो की त्यालाही असंच कटकट करून नमवायचं असतं. येशू नेमकं उलट सांगतोय. असला माणूससुद्धा शेवटी ऐकतो, मग रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या माणसांचं देव ऐकणार नाही का? आणि दाखल्याच्या शेवटी तो विचारतो की मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का. कसला विश्वास? आत्ताच ज्या बाईची गोष्ट सांगितली तिचा. तेच मागणं घेऊन पुन्हा पुन्हा दारात येणारीचा. मंडळातल्या बाई ज्याला अविश्वास म्हणतात त्यालाच येशू इथे विश्वास म्हणतो. सहा वर्षं साडेचारला उठणाऱ्या बाईचा विश्वास कमी आहे, असं मला कुणी येऊन सांगितलं तर मी त्यांना आधी आठवडाभर साडेचारला उठून बघायला सांगेन.

पापाची चौकशी करणाऱ्या बाईंसाठी योहानाचा ९वा अध्याय पुरे. जन्मांध माणूस बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही, असं उत्तर मिळालं. दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते. नंतर तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. तुमच्या मंडळातही गप्प बसणारी एखादी असेलच. तिला शोधा. ‘मला आता प्रार्थना करता येत नाही, तू माझ्या वाटची कर,’ असं तिला सांगा. बाकीच्यांना आतल्या गोष्टी सांगायची सक्ती नाही. साक्षीच्या वेळी जीव घुसमटला तर बाहेर जाऊन पाणी पिऊन या. रजिस्टरमध्ये कुणी नोंद करत नाही.

पाळकसाहेबांच्या द्राक्षबागेशी मात्र माझं थोडं भांडण आहे. नाशिकमध्ये राहून द्राक्षाचा दाखला टाळणं कुठल्याही पाळकाला जमत नाही हे मान्य. पण दिंडोरी-पिंपळगावकडच्या बागायतदाराला विचारा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांत माल तयार. एप्रिल छाटणीनंतर काडीवर घड दिसत नाही, पण पुढच्या घडाची तयारी त्याच दिवसांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, चाललेली असते, हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या धीराला कॅलेंडर आहे. तुमच्याकडे ते नाही. म्हणून तर जीव जातोय. याकोबानेही आपल्या पत्रात शेतकऱ्याचाच दाखला दिलाय, पण त्याचा शेतकरी बसलाय पावसाची वाट बघत, पहिल्या आणि शेवटच्या. पावसाने तारीख दिलेली नसते. बागायतदारही ऐन फुलोऱ्यात अवकाळी आला की रात्रभर जागाच असतो. तेव्हा धीर धरायचा म्हणजे शांत, प्रसन्न चेहऱ्याने बसायचं, असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

शब्द सुचत नाहीत ना, तर उसने घ्या. १३वं स्तोत्र. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोन ओव्यांत दावीद ‘कोठवर’ हा एकच प्रश्न चारदा विचारतो. देवाला, तोंडावर. हे स्तोत्र जरा बरा वाटणारा दिवस असेल तेव्हाचं. अगदीच वाईट दिवस असेल तर ८८वं काढा. त्यात शेवटीही उजेड पडत नाही, काळोखातच ते संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. कुणीतरी ते वगळू शकलं असतं. आपल्याकडे तक्रार म्हणजे देवाचा अपमान अशी एक समजूत घट्ट बसलीये. स्तोत्रकर्त्यांना ती नव्हती. मोठ्याने वाचा, तुमच्या आवाजात. वाचून झालं की मुलाचं नाव घ्या आणि उठा. पाच मिनिटंही लागणार नाहीत. इतकी प्रार्थना पुरते.

आता एक आई आठवते, मोनिका. चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतली. तिचा मुलगा ऑगस्टीन फार हुशार, पण विश्वास सोडून भलत्याच पंथाच्या नादी लागलेला. ती एका बिशपकडे गेली: माझ्या मुलाशी बोला, त्याला समजावा. बिशप नाही म्हणाले. सध्या त्याला तसाच राहू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. ती रडत पाठ सोडेना, तेव्हा वैतागून ते म्हणाले, जा बाई, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. पुढे ३८३ साली ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला. आईने त्याला धरून ठेवलं. तेव्हा तो तिच्याशी खोटं बोलला: मित्राला निरोप द्यायला आलोय, वारा अनुकूल होईपर्यंत थांबतो. ती रात्रभर बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळात, त्याने जाऊ नये म्हणून रडून प्रार्थना करत होती. सकाळी जहाज नव्हतं.

त्या रात्रीची प्रार्थना फुकट गेली असं तिला वाटलं नसेल का? पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे त्याला बिशप अॅम्ब्रोज भेटले, आणि ३८७च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या सुमारास मोनिका मिलानमध्येच होती, मुलाच्या मागोमाग समुद्र ओलांडून आलेली. ऑगस्टीनने पुढे स्वतःच लिहिलंय की आई त्या रात्री जे मागत होती ते देवाने दिलं नाही, कारण ती नेहमी जे मागत आली होती ते त्याला द्यायचं होतं.

ताई, तुम्हीही थोडं बसून बघा, तुमच्या मागण्याच्या खाली कुठलं मागणं आहे. ‘तो घरी यावा’ हे वरचं. पण समजा तो सिडकोतल्या घरी कधी आलाच नाही, आणि बापलेक स्वारगेटजवळच्या एखाद्या हॉटेलात समोरासमोर बसून चहा प्यायले, तर? तुम्हाला चालेल का? चालणार असेल तर तेही मागून ठेवा. बंद दार एकच असतं असं नाही, म्हणून म्हटलं.

आता स्टेटस. लूकच्या १५व्या अध्यायातल्या बापासारखं वाट बघत बसायचं, असं तुम्हाला वाटत असणार. आपल्या सगळ्यांनाच तो बाप पाठ असतो. (त्या गोष्टीत आई कुठेच नाही, हे कधी लक्षात आलंय?) पण त्याच अध्यायात बापाच्या आधी एक बाई आहे. दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. वाट बघणं आणि शोधणं येशूने एकाच बैठकीत सांगितलंय. तुम्ही आता ह्या बाईकडे बघा.

त्याच्यावर नेम धरून वचनं टाकणं मात्र बंद करा. कोणतं वचन टाकता ते लिहिलं नाहीत, पण ‘मुलांनो, आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा’ हे एकदा तरी टाकलं असणार, अशी माझी खात्री आहे. ज्याला ते लागायचं त्याला बरोबर लागतं, आणि सगळ्या नातेवाइकांच्या देखत लागतं. तरीही तो रोज बघतो. सहा वर्षं नंबर बदललेला नाही, तुम्हाला ब्लॉक केलेलं नाही, दुपारपर्यंत यादीत नाव येतं. तुम्ही ‘उत्तर नाही’ म्हणता, आणि मी तुमच्या पत्रातली ही ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय.

त्याला थेट मेसेज करा. दोन ओळींचा. ‘आज तुझ्या आवडीचं भरीत केलं होतं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. — आई.’ बस. ‘कधी येतोस’ नको, ‘बाबांची तब्येत बरी नसते’ नको, वचन तर मुळीच नको. महिन्यातून एखाद-दोनदा. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही तर त्या दिवशी पुन्हा फोन हातात घेऊ नका.

आणि तुमचे मिस्टर. प्रार्थनेबद्दल इतकं लिहिलंत आणि त्यांच्या आताच्या मनाबद्दल एकच ओळ: त्यांच्यासमोर नाव काढायची सोय नाही. मला वाटतं, सगळी गाठ तिथेच आहे. एका घरात दोन माणसं एकाच पोरासाठी झुरतायत, एक पहाटे स्वयंपाकघरात, आणि दुसरं कुठे ते तुम्हालाही माहीत नाही. ओव्हरटाइम करून फी भरणाऱ्या बापाला सहा वर्षांत एकदाही पोराची आठवण आली नसेल, हे मी मानणार नाही. स्वतःचं वाक्य मागे कसं घ्यायचं, हे बहुधा त्यांना कळत नसावं.

म्हणून रात्री जेवायला बसलात की मोठ्याने प्रार्थना करा: ‘प्रभो, ह्या जेवणाबद्दल तुझे आभार. आमच्या (इथे त्याचं नाव) ला तो जिथे आहे तिथे पोटभर जेवण मिळो. आमेन.’ तो परत यावा असं त्यात म्हणायचं नाही, कुणाचं चुकलं असंही नाही. पहिल्या दिवशी ते ताट सारून उठतील कदाचित. उठू देत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच म्हणा. वाद घालू नका, समजावू नका, डोळ्यांत पाणी आणू नका, आलं तर पुसा आणि जेवा. घरात हात उगारला जाण्याची भीती असेल तर मात्र यातलं काही करू नका, मला आधी लिहा.

एका रात्रीत घर सांधत नाही. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक बघा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि नवराबायको काही वर्षं एकमेकांपासून दूर राहिले. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली. मधल्या काळात किती जणांनी किती सल्ले दिले असतील! पुन्हा एकत्र आल्यावरही जुने विटाळ, जुनी सोवळी एका दिवसात गेली नाहीत. एकेक करत सुटली. तुमच्या घरी पहिल्या वर्षात फार तर एवढंच होईल की नाव निघालं आणि कुणी ताटावरून उठलं नाही. ते झालं की मला नक्की कळवा.

आणि तो नाहीच आला तर? पौलाच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला. ‘माझी कृपा तुला पुरे आहे,’ एवढं मिळालं. ते उत्तर त्याला स्वतःला ऐकू आलं होतं, हे विसरू नका. दुसऱ्या कुणी येऊन ‘देवाची इच्छा दिसत नाही हो’ म्हटलं नव्हतं. तुमच्या वतीने असं उत्तर आणून देणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. मुलगा जिवंत आहे, धडधाकट आहे, रोज तुमचं स्टेटस बघतोय. मागणं सोडून द्यायची वेळ आली आहे असं मला तरी कुठे दिसत नाही.

बाळ येशूला गेलात त्यात लपवण्यासारखं काही नाही. मैत्रीण बरोबर घेऊन गेली, तुम्ही त्याच प्रभूजवळ त्याच मुलासाठी रडलात. नवस बोलला असलात, अमुक झालं तर अमुक देईन असा, तर तेवढा सोडून द्या. तुमच्या पोराचा सौदा करायची गरज नाही.

उपासाचं शेवटी ठेवलं, कारण इथे मी ऐकून घेणार नाही. शुगरची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, आणि पहाटे स्वयंपाकघरात तुम्ही एकट्या. मूल व्हावं म्हणून हन्नाही शिलोच्या मंदिरात रडत होती, जेवत नव्हती. ओठ हलतायत आणि आवाज नाही, हे बघून एली याजकाला तर ती प्यायलेलीच वाटली. पण मन मोकळं करून झाल्यावर ती गेली आणि जेवली, आणि तिचा चेहरा मग उदास राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. उपास करायचाच असेल तर शुक्रवारी टीव्ही सोडा, मोबाईल सोडा, चहातली साखर तर सुटलीच असेल. येत्या शुक्रवारच्या आधी डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवा आणि उपास चालेल का ते स्पष्ट विचारा. ते नाही म्हणाले तर पहाटेच्या प्रार्थनेनंतर पोळी-भाजी खा आणि गोळी ते सांगतील तशी घ्या.